हॅम रेडिओचा टॉवर आणि अँटेना जमिनीवरून सुरक्षितपणे सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिना लागला की नव्या-जुन्या हॅम मंडळींचे, म्हणजे हौशी रेडिओचालकांचे, निरोप सुरू होतात. पावसाळ्याआधी अँटेना तपासायचा असतो, पण टॉवरवर चढणारा माणूस मिळत नाही आणि स्वतः चढण्याचे धाडस होत नाही. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरांत ‘जमीन’ म्हटले आहे तेथे अंगणाप्रमाणेच कठडा असलेली गच्चीही धरावी. मात्र गच्चीची काही पथ्ये वेगळी आहेत, ती प्रश्न ११ मध्ये दिली आहेत. तुमच्या अँटेनाच्या आसपास विजेची तार जात असेल, तर बाकी काही वाचण्याआधी प्रश्न ३ वाचावा.

१. वर न चढता टॉवर आणि अँटेनाची देखभाल खरोखर होऊ शकते का?

बहुतेक होऊ शकते, पण त्याची तयारी अँटेना उभा करतानाच करावी लागते. देखभालीची कामे तीन प्रकारची असतात: खालून पाहण्याची, खालून मोजण्याची आणि अँटेना खाली घेऊन हाताने करण्याची. पहिल्या दोहोंसाठी दुर्बीण, मीटर आणि एक वही पुरते. तिसऱ्यासाठी अँटेना खाली येण्याची सोय हवी, म्हणजे तारेच्या अँटेनासाठी कप्पी आणि दोरी, किंवा बीम (एका दिशेला रोखलेल्या) अँटेनासाठी बुडाशी बिजागरी असलेला मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब. ही सोय नसलेला, काँक्रीटमध्ये कायमचा रोवलेला टॉवर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी प्रश्न १८ आहे. नव्याने अँटेना उभारणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे असते की जो अँटेना दोन माणसांना एका सकाळी खाली घेता येत नाही तो लावूच नये, मग त्यासाठी उंची तीन मीटरने कमी झाली तरी चालेल.

२. मी जमिनीवरच उभा राहणार आहे. मग हेल्मेट वगैरेची काय गरज?

पडण्याचा धोका टळला म्हणजे सगळे धोके टळले असे होत नाही. वरून सुटलेला नट, तुटलेला इन्सुलेटर किंवा निसटलेली कप्पी खाली उभ्या माणसाच्याच डोक्यावर येते. ताणलेली तार तुटली की तिचे टोक चाबकासारखे फिरते. हातविंच हातातून सुटले की त्याचा दांडा गरगरतो आणि मनगट मोडतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी नऊ मीटरचा मास्ट खाली घेताना मी बिनब्रेकचे, फक्त दातेरी चाक आणि खिट्टी असलेले विंच वापरले. अशा विंचावर वजन वर घेताना खिट्टी राखण करते, पण खाली सोडताना ती उचलावीच लागते आणि त्या क्षणापासून सगळा भार हातावर असतो. घामाने हात निसटला, दांडा उलटा फिरला आणि माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची हाडे मोडली. मास्ट निम्म्यावरून खाली आपटला. त्याच्या मार्गात कोणी उभे नव्हते, कारण तेवढी एक शिस्त आम्ही पाळली होती.

म्हणून हेल्मेट, जाड कातडी हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हे प्रत्येक कामाला हवेतच. जमिनीवर चुन्याने किंवा दोरीने पडझडीची हद्द आखावी, तिच्यात लहान मुले आणि पाळीव प्राणी येणार नाहीत याची जबाबदारी एका माणसाकडे द्यावी, आणि वारा झाडाच्या लहान फांद्या हलवू लागला की काम थांबवावे.

३. शेजारून विजेची तार जाते. अँटेना तिच्यापासून किती दूर असावा?

टॉवर कोणत्याही बाजूला आडवा कोसळला तरी त्याचा कोणताही भाग तारेपर्यंत पोहोचू नये, एवढा दूर. हिशेब सोपा आहे: मास्टची उंची, त्यात अँटेनाचा सर्वांत लांब हात, आणि त्यात आणखी किमान ३ मीटर. नऊ मीटरच्या मास्टवर २० मीटर बँडचा (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याचा) हेक्सबीम, म्हणजे षटकोनी सांगाड्यावरचा तारेचा अँटेना, असेल तर त्याची त्रिज्या सुमारे ३.३ मीटर धरून हे अंतर सव्वापंधरा मीटरच्या वर जाते. तारेच्या अँटेनाचा हिशेब वेगळा करावा, कारण ४० मीटर बँडच्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाची) तार मधोमध तुटली तर दहा मीटर लांबीचा तुकडा वाऱ्याबरोबर कोठेही जाऊ शकतो. घरात येणारी सर्व्हिस वायरही वीजवाहिनीच समजावी. तिचे वरचे काळे आवरण उन्हाने तडकलेले असते, त्याच्या भरवशावर राहू नये. ११ केव्हीच्या ओव्हरहेड तारा तर सर्रास उघड्याच असतात.

हे अंतर मिळत नसेल तर जागा बदलावी किंवा उंची कमी करावी. ‘जपून करू’ हा याला पर्याय नाही. हॅम मंडळींचे जीव ज्या अपघातांत गेले आहेत त्यांत वीजवाहिनीचा स्पर्श हे वारंवार येणारे कारण आहे, आणि मास्ट उभा करणारी दोन-तीन माणसे एकाच वेळी धातूला हात लावून असल्यामुळे अशा अपघातात एकटा माणूस जात नाही.

मास्ट किंवा तार वीजवाहिनीवर पडलीच, तर मास्ट, ताणतारा (मास्टला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा), कोॲक्स (अँटेनापासून रेडिओपर्यंतची केबल) आणि घरातला रेडिओ यांपैकी कशालाही हात लावू नये. रेडिओचा विसर पडतो, पण कोॲक्सची जाळी थेट त्याच्या धातूच्या पेटीपर्यंत आलेली असते. जवळ असाल तर पावले न उचलता, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून घसटत दूर व्हावे, सर्वांना किमान दहा मीटरवर ठेवावे, महावितरणला किंवा तुमच्या भागातल्या वीज कंपनीला कळवावे, आणि त्यांचा माणूस प्रत्यक्ष येऊन पुरवठा बंद केल्याचे सांगेपर्यंत काहीही करू नये. दिवे गेले म्हणजे तार निर्जीव झाली असे नसते. उपकेंद्रातून पुरवठा आपोआप पुन्हा सुरू होऊ शकतो.

४. वर्षातून किती वेळा आणि काय तपासायचे?

महाराष्ट्रात तीन वेळा नेमाने तपासणी करावी: मेच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे वळवाच्या आणि मग पावसाळ्याच्या वाऱ्याआधी, ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर, आणि संक्रांत झाल्यावर जानेवारीअखेर (कारण प्रश्न १५ मध्ये आहे). शिवाय प्रत्येक मोठ्या वादळानंतर.

पाहण्याची वेळ सकाळी ऊन तिरपे असताना निवडावी. ८ × ४० किंवा १० × ५० ची साधी दुर्बीण पुरते. खालून वर, एका क्रमाने नजर न्यावी: बुडाचे बोल्ट, मग प्रत्येक जोड, मग ताणतारांची वरची कडी, मग क्लॅम्प, मग बूम (बीमचा मधला आडवा दांडा), मग अँटेनाचे एकेक एलिमेंट (त्यावरची नळी किंवा तार) टोकापर्यंत. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही वळवू नये. गंजलेल्या बोल्टमधून पाणी उतरते तेव्हा पाइपवर तांबूस ओघळ दिसतो, आणि तो ओघळ बोल्टच्या आधी दिसतो. सैल झालेला क्लॅम्प मास्टवर घासून एक चकचकीत पट्टा तयार करतो. काळ्या पडलेल्या, जस्त चढवलेल्या पाइपवर असा रुपेरी पट्टा उठून दिसला, की बाकी सगळे ठीक दिसले तरी अँटेना खाली घ्यावा.

५. नोंदवही ठेवा असे सगळे सांगतात. तिच्यात नेमके काय लिहायचे?

सगळे नीट चालू असतानाची मोजमापे. बिघाड झाल्यावर घेतलेला आकडा एकटा काही सांगत नाही, कालच्या आकड्याशेजारी ठेवला की बोलू लागतो. अँटेना लावला त्याच दिवशी प्रत्येक बँडच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा; १:१ सर्वांत चांगला), जेथे तो सर्वांत कमी येतो ती फ्रीक्वेन्सी, कोॲक्सची खरी लांबी आणि जात, कोॲक्सच्या दोन टोकांमधला डीसी रोध आणि रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) असेल तर त्याच्या केबलमधील प्रत्येक जोडीचा रोध लिहून ठेवावा. शेजारी हवामान लिहावे, कारण ओल्या तारेची फ्रीक्वेन्सी कोरड्यापेक्षा किंचित खाली सरकते आणि तो बिघाड नसतो. अँटेनाचे चारी बाजूंनी फोटो काढावेत, आणि ते दरवेळी अंगणातील त्याच जागेवर उभे राहून काढावेत. एखादे एलिमेंट दोन बोटे वाकले आहे की नाही, हे दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळते.

६. एसडब्ल्यूआर अचानक वाढला आहे. दोष वर आहे की खाली, हे न चढता कसे ओळखावे?

घाईने अँटेना उतरवू नये; घरातूनच सुरुवात करावी. रेडिओशी ५० ओमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोध) लावून पाहावा. तेथे एसडब्ल्यूआर १:१ च्या जवळ आला तर रेडिओ आणि जोडकेबल ठीक आहेत. नंतर खिडकीपाशी, लाइटनिंग अरेस्टरच्या (विजेपासून बचाव करणाऱ्या उपकरणाच्या) आधी आणि नंतर, अशी एकेक पायरी पुढे जावी. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा दोष कोणत्या ना कोणत्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये सापडतो, आणि तो कनेक्टर हाताच्या अंतरावर असतो.

पुढचे काम नॅनोव्हीएनएसारख्या अँटेना आणि केबल मोजणाऱ्या लहान उपकरणाने होते. ते जोडण्याआधी कोॲक्सची मधली तार आणि जाळी क्षणभर एकमेकांना टेकवावी, कारण कोरड्या वाऱ्यात अँटेनावर साठलेला स्थिर विद्युतभार उपकरण जाळू शकतो. त्याच्या अंतर-मापनाच्या सोयीने दोष किती मीटरवर आहे ते दिसते, मात्र त्यात केबलचा वेग-गुणांक (केबलमधील लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट आहे ते) बरोबर भरावा लागतो. आरजी-२१३ साठी तो ०.६६ आहे. तो १ ठेवला तर २० मीटरवरचा दोष ३० मीटरवर दिसेल आणि तुम्ही चांगला अँटेना उगाच उतरवाल.

फ्रीक्वेन्सी कोठे सरकली हेही बोलके असते. डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये साधारण १४३ भागिले मेगाहर्ट्झ एवढी असते, म्हणजे ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर. एसडब्ल्यूआरचा तळ वरच्या फ्रीक्वेन्सीकडे गेला असेल तर तार कोठेतरी आखूड झाली आहे; खाली गेला असेल तर काहीतरी तिला लागून आहे, बहुधा वाढलेली फांदी. तळ पूर्णच नाहीसा झाला असेल तर फीडपॉइंट (केबल अँटेनाला मिळते ती जागा) किंवा तेथला बालन (केबल आणि अँटेना जुळवणारा भाग) तपासायला अँटेना खाली घ्यावा लागेल.

७. एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा चांगला दिसतो, पण स्टेशने ऐकू येत नाहीत. असे कसे?

हा सर्वांत फसवा बिघाड आहे आणि पावसाळ्यानंतर हमखास येतो. कोॲक्समध्ये पाणी शिरले की तिची हानी वाढते. वर जाणारी शक्ती वाटेत खपते, वरून परतणारीही खपते, त्यामुळे मीटरपर्यंत परतणारा भाग नगण्य उरतो आणि एसडब्ल्यूआर छान दिसतो. एका दिशेला ३ डेसिबल हानी असलेल्या केबलच्या टोकाचा अँटेना पूर्ण तुटून पडला तरी खाली मीटर केवळ ३:१ दाखवील. म्हणून जुन्या आकड्यापेक्षा एसडब्ल्यूआर सुधारला आणि आवाज मंदावला, तर आनंद न मानता केबल बदलायची तयारी करावी. खात्रीसाठी अँटेना खाली असताना केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड लावून दोन्ही टोकांची शक्ती मोजता येते.

पाणी बहुतेक वेळा वरच्या कनेक्टरमधून शिरते आणि जाळीच्या वातीतून मीटरभर आत जाते. असे टोक कापल्यावर तांब्याची लालसर जाळी काळी-हिरवी दिसली, तर ती लाल दिसू लागेपर्यंत कापत जावे. तशी दिसलीच नाही तर केबल टाकून द्यावी. नव्या कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, त्यावर काळी पीव्हीसी टेप खालून वर, म्हणजे कौलांसारखी एकावर एक येईल अशी लावावी. कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाईल.

८. कप्पीसाठी कोणती दोरी घ्यावी?

उन्हाला टिकणारी, विणलेली पॉलिएस्टर दोरी, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची. नायलॉन मजबूत असते पण ताणली जाते आणि ओली झाल्यावर अधिकच लांबते, त्यामुळे पावसात डायपोल लोंबतो. बाजारात सर्वत्र मिळणारी पिवळी-निळी पॉलिप्रोपिलीनची दोरी स्वस्त असते, पण आपल्या उन्हात दीड-दोन वर्षांत तिचे तंतू चुरडू लागतात. बोटांत चोळल्यावर पांढरी पूड निघाली की ती संपली असे समजावे.

कप्पी स्टेनलेस स्टीलची, बोटीवर वापरतात तशी असावी, आणि तिच्या चाकाची खाच दोरीच्या जाडीला जुळणारी असावी. बारीक दोरी मोठ्या कप्पीत घातली तर ती चाकावरून घसरून चाक आणि गालाच्या फटीत अडकते, आणि मग ती सोडवायला वर चढावेच लागते. दोरी नेहमी अखंड फेऱ्याची ठेवावी, म्हणजे तिची दोन्ही टोके खालीच एकमेकांना बांधलेली राहतील. अँटेना तुटून पडला तरी दोरीची वरची बाजू खाली ओढून आणता येते. जेथे रोज हात लागतो त्या खालच्या खुंटीवर सुरगाठ चालेल, पण वर जाणाऱ्या कोणत्याही जोडावर निरगाठच हवी, आणि तिच्या टोकाला बारीक दोऱ्याचा वेढा हवा.

डायपोलचे एक टोक झाडाला असेल तर दोरी झाडाला घट्ट बांधू नये. ती झाडावरच्या कप्पीतून घेऊन खालच्या टोकाला पाच-सात किलोचे वजन लटकवावे. झाड डोलले की वजन वर-खाली होते आणि तारेवरचा ताण तेवढाच राहतो. वजनाखाली कोणी उभे राहणार नाही अशी जागा निवडावी.

९. जुनी दोरी झिजली आहे. ती न तोडता वरच्या कप्पीतून नवी कशी घालायची?

दोन दोऱ्यांची गाठ मारू नये, कारण गाठ कप्पीत अडकते. जुन्या आणि नव्या दोरीची टोके कापून एकमेकांसमोर अगदी टेकवावीत, सुई-दोऱ्याने दोन्हींमधून सात-आठ टाके आडवेतिडवे घालावेत आणि वरून पातळ टेपचा एकच थर द्यावा, म्हणजे जोड दोरीपेक्षा फारसा जाड होणार नाही. मग एकाने जुनी दोरी सावकाश ओढावी आणि दुसऱ्याने नवी हलक्या ताणात सोडत जावी. जोड कप्पीपाशी पोहोचला की हाताला किंचित अडखळ जाणवते; तेथे जोर न लावता एक वीत मागे घेऊन पुन्हा हळू पुढे न्यावे. एवढ्या एका टाक्याच्या कामाने अनेकांचे चढणे वाचले आहे.

१०. बिजागरीचा मास्ट खाली घेताना सर्वांत जपण्यासारखे काय?

मास्टचे वजन आणि दोरीवरचा भार एकच आहेत असे समजणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दीड इंची, मध्यम जाडीचा जीआय पाइप मीटरला सुमारे ३.६ किलो भरतो, म्हणजे ९ मीटरचा मास्ट ३२ किलोचा. त्यावर १० किलोचा अँटेना धरला तर एकूण वजन ४२ किलो. पण मास्ट आडवा असताना, बुडाशी काटकोनात ३ मीटरचा टेकू-दांडा लावून आणि विंच बुडापासून ६ मीटरवर ठेवूनही दोरीवर सुमारे ८७ किलोचा भार येतो. विंच ३ मीटरवर आणले तर तो ११० किलोवर जातो. मास्ट उभा होत जातो तसा भार कमी होतो, त्यामुळे सर्वांत जास्त ताण अगदी सुरुवातीला आणि खाली घेताना अगदी शेवटी असतो, म्हणजे माणसे थकलेली असताना. विंच आणि वायर रोप या भाराच्या किमान तिप्पट क्षमतेचे असावे, विंच आपोआप लागणाऱ्या ब्रेकचे असावे (प्रश्न २ मधला प्रसंग आठवावा), आणि ड्रमवर नेहमी वायर रोपचे चार-पाच वेढे शिल्लक राहावेत.

बाजूच्या दोन ताणतारांचे खुंटे बिजागरीच्या अक्षाच्या रेषेत आणि त्याच उंचीवर असतील, तर मास्ट झुकताना त्या तारा शेवटपर्यंत सारख्याच ताणात राहतात आणि त्याला डावी-उजवीकडे जाऊ देत नाहीत. खुंटा वर-खाली असेल तर एक तार सैल पडेल आणि दुसरी तुटेल. मास्ट उभा करताना तो काटकोन ओलांडून विंचाच्या बाजूला पडू नये म्हणून विरुद्ध बाजूची तार आधीच बरोबर लांबीची बांधून ठेवावी. कोॲक्स आणि रोटेटरची केबल कोठे अडकत नाही ना, हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र माणूस हवा, आणि सूचना फक्त एकाने द्याव्यात. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावे आणि सर्वांनी लगेच थांबावे.

११. आमचा अँटेना सोसायटीच्या गच्चीवर आहे. त्याला हेच नियम लागू होतात का?

होतात, आणि त्यांत तीन गोष्टींची भर पडते. पहिली, मास्ट कोसळला तर तो कठड्याबाहेर जाता कामा नये, म्हणून कठड्यापासूनचे अंतर मास्टच्या उंचीपेक्षा कमी असेल तर ताणतारांची संख्या चारवर न्यावी आणि झुकवण्याची दिशा नेहमी गच्चीच्या आतली ठेवावी. दुसरी, पाण्याच्या टाकीवर उभे राहणे म्हणजे उंचीवरचे कामच आहे. टाकीला कठडा नसतो. तिसरी, ताणतारांचे खुंटे वॉटरप्रूफिंगच्या थरात ठोकू नयेत. तेथून गळती झाली तर भांडण अँटेनाशी होते. कठड्याच्या आरसीसी भागाला किंवा कॉलमला आरपार बोल्ट घ्यावेत, विटांच्या कठड्याला कधीही नाही. डोळ्यांच्या उंचीवरून जाणाऱ्या तारांना रंगीत नळीचे तुकडे घालावेत, कारण कपडे वाळत घालायला येणाऱ्यांना त्या संध्याकाळी दिसत नाहीत.

१२. ताणतारा किती घट्ट असाव्यात आणि त्या तपासायच्या कशा?

स्टीलच्या ताणतारेला तिच्या तुटण्याच्या क्षमतेच्या सुमारे १० टक्के प्रारंभिक ताण द्यावा, असा संकेत आहे. वाजवून सूर निघेल एवढी ती ताणणे चूक आहे, कारण तो सगळा ताण मास्टला खाली दाबतो.

तार कड्यातून वळवताना आत थिंबल (तारेला झिजू न देणारी धातूची खोबण) हवे आणि किमान तीन क्लिपा हव्यात. क्लिपेचा यू-बोल्ट नेहमी तारेच्या मोकळ्या, आखूड टोकावर आणि तिची सपाट बैठक भार घेणाऱ्या लांब बाजूवर यावी. उलट बसवली तर यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चिमटतो. तपासायला आलो की मी सर्वांत आधी हे पाहतो, आणि दर चारपाच टॉवरांमागे एखादी क्लिप उलटी सापडतेच. टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करणारा पेचाचा जोड) थरथराटाने आपोआप सैल होते, म्हणून त्याच्या पोटातून तार ओवून दोन्ही कड्यांना बांधावी. तार बदलताना जुनी सोडण्याआधी त्याच खुंट्याला तात्पुरती दोरी ताणून बांधलीच पाहिजे.

मास्ट सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहता येते. ओळंबा हाताच्या लांबीवर धरून त्याची दोरी मास्टच्या कडेशी जुळवावी, आणि मग काटकोनात दुसऱ्या बाजूला जाऊन तेच करावे.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग पुण्यासाठी ३९ आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे. ४४ च्या वेगाला एक चौरस मीटर सपाट पृष्ठावर सुमारे ११८ किलोचा दाब येतो; १० मीटर प्रतिसेकंदाच्या वाऱ्याला तो जेमतेम ६ किलो असतो. शांत दिवशी हलवून ‘पक्का आहे’ असे ठरवण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

१३. वीज कडाडू लागली की कोॲक्स काढून ठेवतो. तेवढे पुरेसे आहे का?

काढणे चांगले, पण ते गडगडाट ऐकू येण्याआधी. आवाज आल्यावर केबलला हात लावायला जाणे हाच धोका आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. एप्रिल-मेच्या दुपारी आणि ऑक्टोबरमध्ये ते पाहूनच टॉवरपाशी जावे. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर आत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे टॉवर किंवा ताणतारांजवळ जाऊ नये.

काढलेले टोक काचेच्या बरणीत ठेवण्याची जुनी सवय उपयोगाची नाही. ते घराबाहेरच्या, अर्थिंगला जोडलेल्या धातूच्या पट्टीवर लावावे. टॉवरचे, अरेस्टरचे आणि घराच्या मीटरचे अर्थिंग एकमेकांना जाड पट्टीने जोडलेले असावे. ती वेगवेगळी ठेवली तर वीज पडताना त्यांच्यात मोठा दाबफरक येतो आणि तो रेडिओतून वाट काढतो. अर्थिंगचा रोध मे महिन्यात मोजावा, कारण जमीन सर्वांत कोरडी असताना तो सर्वांत वाईट असतो.

१४. आम्ही रत्नागिरीला, समुद्राजवळ राहतो. आमच्यासाठी काही वेगळे?

तपासण्या दुप्पट कराव्यात. खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमला तांब्याची तार थेट टेकवली तर सांध्यात पांढरी भुकटी जमते आणि संपर्क तुटतो. मध्ये स्टेनलेस वॉशर आणि गंजरोधक पेस्ट हवी. पाइपचे वरचे तोंड टोपीने बंद आणि बुडाशी पाणी निघायला भोक हवे, कारण पाइप आतून कुजतो आणि बाहेरून नवा दिसतो. नाण्याने ठोकून पाहावे. भरीव ठिकाणी टणत्कार येतो, पातळ झालेल्या ठिकाणी बद्द आवाज येतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा इशारा दोन दिवस आधीपासून होता. एवढ्या अवधीत कप्पीचा डायपोल पाच मिनिटांत आणि बिजागरीचा मास्ट दोन तासांत खाली येतो. वादळ सरल्यावर संपर्काची गरज सर्वाधिक असते, म्हणून एक सुटा डायपोल, दोरी आणि कोॲक्स पिशवीत भरून घरात कोरडे ठेवावे.

१५. अँटेनात मांजा अडकला आहे, आणि कावळ्याने घरटेही केले आहे. काय करावे?

मांजा हिसडू नये. नायलॉनचा मांजा, ज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, बोटे कापतो आणि हेक्सबीमच्या बारीक तारा आवळून ठेवतो. त्याचे दुसरे टोक वीजतारेवर असू शकते, आणि काचेची-धातूची पूड लावलेला ओला मांजा वीज वाहू शकतो. आधी त्याचा पूर्ण मार्ग नजरेने शोधावा, मग अँटेना खाली घेऊन कात्रीने तुकडे करून काढावा. पक्षी अडकला असेल तर अग्निशमन दलाला बोलवावे.

कावळे घरट्यात लोखंडी तारेचे तुकडे सर्रास वापरतात आणि त्यांनी फीडपॉइंट शॉर्ट होतो. पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत त्या अँटेनावर प्रेषण बंद ठेवावे. दुसऱ्या अँटेनावर काम भागवता येते.

१६. ड्रोनने पाहणी केली तर चालेल का?

चालेल, आणि दुर्बिणीने न दिसणारी वरची बाजू त्याने दिसते. ड्रोन नियम, २०२१ नुसार आपला भाग कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येतो हे डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहावे. उडवताना प्रेषण पूर्ण बंद ठेवावे, ताणतारांच्या घेऱ्यात शिरू नये, आणि अँटेनापासून तीन-चार मीटर दूर राहून झूमने फोटो घ्यावेत. ड्रोनने दोरी टाकण्याचे प्रयोग वीजवाहिनी दिसत असलेल्या कोणत्याही जागी करू नयेत.

१७. क्रँक-अप टॉवर पूर्ण खाली आणता येत नाही, मध्येच अडकतो. आत हात घालून सोडवू का?

कधीही नाही. एकात एक सरकणारे भाग वायर रोपवर टांगलेले असतात. अडकलेला भाग अचानक सुटला तर तो आडव्या पट्ट्यांमधून कात्रीसारखा खाली येतो. असा टॉवर उभारलेल्या स्थितीत चढण्यासाठीही नसतो. तो वर-खाली करून सुटत नसेल, तर हद्द आखून आणि विंच कुलूपबंद करून क्रेन किंवा बकेट असलेली गाडी मागवावी.

१८. आमचा टॉवर कायमचा रोवलेला आहे. एकदा तरी कोणाला वर पाठवावेच लागेल. तेव्हा काय काळजी घ्यावी?

मोबाइल टॉवरवर काम करणारा प्रशिक्षित रिगर बोलवावा; धाडसी पोरगा, रंगारी किंवा डिश बसवणारा नको. त्याच्याकडे पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन हुकांची दुहेरी लॅनयार्ड (हार्नेस टॉवरला अडकवायची दोरी) आहे का, आणि वर सरकताना एक हूक नेहमी अडकलेला राहतो का, हे स्वतः पाहावे. केवळ कमरपट्टा असेल तर काम रद्द करावे. तो येण्याआधी गंज, वेल्डिंग आणि ताणतारा यांची प्रश्न ४ आणि १२ प्रमाणे तपासणी करून त्याला खरे ते सांगावे. टॉवरबद्दल शंका असेल तर त्याला चढू देऊ नये. रेडिओचा वीजपुरवठा बंद करून प्लग काढावा आणि रोटेटरचेही तसेच करावे. सहकाऱ्याने चुकून पीटीटी (प्रेषणाचे बटण) दाबले तर अँटेनाच्या टोकाला हात लावणारा माणूस भाजतो आणि दचकून तोल जातो.

तो वर असतानाच टोकाशी आडवी दांडी लावून स्टेनलेसची मोठी कप्पी आणि अखंड फेऱ्याची दोरी बसवून घ्यावी, शिवाय शेजारी दुसरी राखीव कप्पी रिकाम्या बारीक दोरीसह ठेवून घ्यावी. दोन्ही दोऱ्या खालून पूर्ण एक फेरा फिरवून पाहाव्यात, भारासह एकदा अँटेना वर-खाली करून पाहावा, आणि तोपर्यंत रिगरला खाली उतरू देऊ नये.